अळण्याची मोजदाद

१० नोव्हें., रवि. लोणावळा

सकाळीच दादा दारात. न सांगता. तिकोणा पेठेहून जीप, कामशेतहून लोकल, पिशवीत नवे तांदूळ. पिशवी पायरीवर ठेवली आणि स्वतःही पायरीवरच बसला. चहा टाकते म्हटलं तर म्हणाला, "आदी ऐक." चहाला थांब म्हणणारा माणूस नव्हे तो. 

झालं ते असं. परवा कान्ह्याच्या विहारात कमिटी बसली होती. सगळ्यांसमोर किसनभाऊंनी विचारलं, "दादा, तुमी डोंगराला भाकरी ठेवता म्हनं? खरं का?" दादा तसाच उठून घरी आला. दर पौर्णिमेला वंदना सांगणारा हा. आमच्या वडिलांनंतर, आप्पांनंतर, तोच सांगतो, आवाजही हुबेहूब आप्पांचा.

ठेवतो तो. वहिनीला माहीत, मला माहीत. भात झोडून झालं की तिकोण्याच्या पायथ्याशी दगडावर अळण्याचा वाटा. तांदळाची भाकरी, बिनमिठाची. एके काळी त्या खोऱ्यात घरोघर ठेवायचे. अळण्या म्हणजे डोंगरातला तो, माणसाएवढा, अंगभर करडे केस, हात गुडघ्याखाली, शेपूट नाही. दादा धरणावर कामाला होता तेव्हा त्याने एकदा पाहिलाय. पाठमोरा. मी नाही पाहिला, आणि मानतही नाही. वानर असणार, शेपूट झुडपात असेल.

दादा म्हणाला, "देव म्हनून ठेवली असंल तर मी आप्पांच्या फोटोपुढं हुबा ऱ्हायच्या लायकीचा न्हाई. पन जनावराला घास टाकला तर दीक्षेच्या बावीसातली कुटली प्रतिज्ञा मोडली? म्हनून तू ठरव, शालन. तू जलमभर पोरांना जनावरंच शिकवली. हाय का न्हाई? असलं तर किती, कुटं कुटं? तू म्हनशील ते मी विहारात सांगीन."

मी हसले. "पेपर तपासायला आणलास होय?"

"व्हय. तपास."

मग चहा प्यायला. तांदळाला वास काय सुरेख आहे.


१२ नोव्हें.

माळ्यावरून पुणे जिल्ह्याचा नकाशा काढला. शाळेने रद्दीत टाकला तेव्हा मीच उचलून आणलेला. जमिनीवर पसरून चार कोपऱ्यांवर डबे ठेवले. ज्या गावात कुणी अळण्या पाहिल्याचं सांगतात तिथे एक चिंचोका. जुन्या विद्यार्थ्यांना फोन. एक चिक्कीच्या दुकानात, एक रिक्षावाला, एक तुंगाखाली रिसॉर्टवर मॅनेजर. सगळ्यांच्या आजोबांनी पाहिलाय! स्वतः पाहिलेला एक मिळेल तर शपथ.

खरं सांगायचं तर मजा येतेय. रिटायर झाल्यापासून मला कुणी काही विचारलंच नव्हतं. भाजी कुठली चांगली एवढंच.

आप्पांची आठवण. दीक्षा घेऊन आले तेव्हा देव्हाऱ्यातले टाक टोपलीत घातले आणि नदीत सोडले. दादा आईच्या कडेवर होता. आई रडली म्हणतात. आप्पा म्हणाले, "ज्याच्याकडं मागावं लागतं त्याच्यापुढं वाकायचं न्हाई." हे वाक्य आमच्या घरात मिठासारखं वापरलं गेलं. मी तर त्याच्यावरच वाढले.


१७ नोव्हें., रवि.

दादा आला. या वेळी चहा दोनदा घेतला. दिवसभर नकाशावर ओणवे होऊन भांडलो.

चिंचोक्यांचा पट्टा छान उमटलाय. तिकोणा, तुंग, लोहगडाची मागची अंगं, तिकडे राजमाची. पण आपल्या वस्त्यांवर, दादाचा सोडला तर, एकही नाही. कान्ह्यात गावाकडे आहेत, ओढ्याच्या अलीकडे आपल्या वस्तीत शून्य. बघावं तिथे हेच. गावात आहे, बौद्धवस्तीत नाही.

म्हटलं, "दादा, ओढा ओलांडायला अळण्याला जातीचा दाखला लागतो का रे?"

हसता हसता ठसका लागला त्याला. पाणी दिलं. मग डोळे पुसत म्हणाला, "आपन घास ठेवायचा सोडला ना. खायला न्हाई तितं कशापाई यील? बिबट्या बघ. कुत्री-कोंबड्या असतील तितंच फिरतो."

मुद्दा बरा होता. अर्धा मार्क दिला. पण मनात माझं पक्कं: जिथं भाकरी तिथं अळण्या, म्हणजे भाकरीनेच अळण्या झाला. अळण्याची हद्द म्हणजे समजुतीची हद्द.

जाताना दादा म्हणाला, "लई दिसांनी असं बसलो आपन." खरंय.


२४ नोव्हें., रवि. ति. पेठ

मी गेले. वहिनीने मासळी केली होती. जेवणाआधी दादा दगड दाखवायला घेऊन गेला. सत्तरीचा माणूस, पण चढावर माझ्या पुढे. मी दर वळणावर "काय सुंदर दिसतंय धरण" म्हणून दम खाल्ला. त्याला कळत होतं.

करवंदीच्या जाळीत सपाट दगड. वर काही नाही, शेंदूर नाही, फूल नाही. दादा मुद्दाम म्हणाला, "बघ. काय तरी हाय का देवाचं?" नव्हतं.

"मग भाकरी अळणी का?"

"मीठ खाल्लं की बांधला जातो. खाल्ल्या मिठाला जागावं लागतं. मग राखनदार व्हनार, मग आपन मागनार, पाऊस दे, पोर दे. त्याला बांधायचा न्हाई आन आपन मागायचं न्हाई. घास टाकायचा आन मागं न बघता यायचं."

छान वाटलं ऐकून. कबूल करते. पण लगेच दुसऱ्या वळणावर "पुरावा मात्र नाही हा" असं म्हणालेच मी. जित्याची खोड.


१ डिसें., रवि. ति. पेठ

आज संख्या. ओट्यावर बसून, वहिनी तांदूळ पाखडतेय, आम्ही दोघं हमरीतुमरीवर.

दादा म्हणे एकच. मी म्हटलं, "आज्याने पाहिला तोच तू पाहिलास? मग वय काय त्याचं? जो मरत नाही तो जनावर नव्हे, दादा. जो मरत नाही तो देव."

तोंड उतरलं त्याचं. "मग दोन."

"दोन म्हणजे नवरा-बायको? बरं. त्यांच्या पोरांची लग्नं कुणाशी लावायची? भावाबहिणीची?"

वहिनी म्हणाली, "अवो वन्सं, जेवनाच्या टायमाला!"

"मग म्हन ईस," दादा म्हणाला.

"वीस असते तर एक तरी हाडूक सापडलं असतं. धरणासाठी सगळं खोरं उकरलं की. सापडलं?"

"न्हाई." मग म्हणाला, "पानी चढलं तवाच त्यांची ताटातूट झाली असंल. निम्मे तुंगाकडं, निम्मे हिकडं. मग हायवे आला, आनखी तुकडे. आता जो तो आपल्या डोंगरावर एकलाच. म्हातारे झाले असतील, शालन. शेवटचे असतील."

हे त्याने सहज म्हटलं, पण जनावरं संपतात ती अशीच संपतात. मोठा टापू, मग तुकडे, मग एकेकटे म्हातारे. मी वर्गात हेच शिकवत होते. हे म्हणायला हवं होतं त्याला. म्हटलं नाही. म्हटलं, "कल्पना चांगली आहे."


५ डिसें., गुरु.

मार्गशीर्षातला गुरुवार. शेजारच्या पाटणकरकाकूंनी नैवेद्याचं ताट धाडलं. पुरणपोळी, भाजी, वरणभात. मी दरवर्षी घेते. प्रसाद म्हणून नाही, पोळी म्हणून. काकूंनाही माहीत आहे.

डाव्या बाजूला मीठ वाढलेलं नव्हतं. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "अगं, देवाच्या ताटात मीठ वाढत नाहीत."

बसल्या जागी टुणकन उडालेच मी. सापडलं!


८ डिसें., रवि. लो.

दादा आला. दारातच सांगितलं. धीर कसला तो मला नाहीच. "दादा, देवाच्या ताटात मीठ वाढत नाहीत. तू भाकरी अळणी ठेवतोस. नैवेद्यच झाला की हा."

हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, "असं व्हय?"

"हाड नाही, पिल्लू नाही, मरण नाही, आणि वर अळणी नैवेद्य. जनावर नाही दादा. ठरलं."

"ठरलं," म्हणाला. खाली बसून सगळे चिंचोके गोळा केले आणि वाटीत भरून मला दिले. मला वाटलं, उठेल, भांडेल, "मग बिबट्याचं काय?" म्हणेल. मी तर उत्तरंही तयार ठेवली होती. जेवला. भाकरी अर्धीच घेतली. दुपारच्या लोकलने गेला.

जिंकले म्हणून आनंद व्हायला हवा. घरात कसंतरीच वाटतंय.


१५ डिसें., पौर्णिमा. कान्हे

विहारात मी जरा उशिरा पोचले. वंदना चालू, आणि आवाज दादाचा नाही. किसनभाऊ सांगत होते, मधेच अडखळत होते. दादा मागे, चपलांच्या रांगेजवळ, भिंतीला टेकून. ओठ हलत होते, आवाज नाही.

नंतर किसनभाऊंनी मला बाजूला घेतलं. "मावशी, दादांनी कमिटी सोडली. म्हनले, माज्या हातून नैवेद्य झाला, आता वंदना म्या सांगायची न्हाई. आवो, मी सहज इचारलं व्हतं! माजी आज्जी पन ठेवायची की."

"कुठं ठेवायची?"

"हितंच. वस्तीच्या मागं, ओढ्याला. दीक्षा घेतली तरी ठेवायची. पदराखाली झाकून न्यायची, कुनाला दिसू नये म्हनून. लय घरांतून जायची भाकरी तवा. बोलत कोन नव्हतं. मला दादांना इचारायचं व्हतं का तुमच्याकडं कसं करतात. समद्यांसमोर इचारायला नको व्हतं, माजं चुकलं."

 माझ्या नकाशावरचं ते शून्य. आमच्या वस्त्यांत अळण्या नव्हता असं नाही, आमच्या वस्त्यांत सांगणारं कुणी नव्हतं. शरमेने गप्प बसलेली माणसं मी मोजणीत धरलीच नाहीत. आणि मी त्यातलीच! मला हे सुचायला हवं होतं, बाहेरच्या कुणाला सुचलं नसतं तर चाललं असतं.

दादा तोवर निघून गेला होता. मला न भेटता.


१९ डिसें.

वहिनीचा फोन. दादा डोंगराकडे जात नाही. सकाळी उठून बसतो, परत आडवा होतो. गुडघे धरलेत. आप्पांचा फोटो उतरवून कपाटात ठेवला, म्हणे त्यांनी मला बघायला नको.

वहिनी कधी वर तोंड करून बोलत नाही मला. आज बोलली. "वन्सं, तुमी दोन म्हनल्या असत्या तर तुमचं काय गेलं असतं?"

काय सांगू? काही गेलं नसतं.

फोन ठेवल्यावर रडले. तो माझ्याकडे सुटायला आला होता. मी त्याला नापास केलं.


२० डिसें.

अजून एक, लिहूनच टाकते. काकूंच्या त्या ताटातल्या भाजीत मीठ होतं. मी चाखली होती. ताटात वेगळं वाढत नाहीत एवढंच, रांधतात मिठाचंच. अळणी भाकरी आणि ते ताट यांचा काडीचा संबंध नाही. हे मला त्या दिवशीही ठाऊक होतं. वर्गात एखाद्या पोराने असला पुरावा दिला असता तर मी त्याला खाली बसवलं असतं.

आणि मी काकूंची पोळी पोळी म्हणून खाते ते चालतं. दादाने भाकरी भाकरी म्हणून ठेवली ती मात्र नैवेद्य. वा गं शालन!


२२ डिसें., रवि. ति. पेठ

नकाशा गुंडाळून काखोटीला मारून गेले. लोकलमध्ये लोक बघत होते. ओट्यावर पसरला, चिंचोके लावले, आपल्या वस्त्यांवर नवे लावले. किसनभाऊंच्या आजीचं सांगितलं. भाजीतल्या मिठाचं सांगितलं. ताटातूट झाल्याचा त्याचा मुद्दा शास्त्राला धरून होता, पैकीच्या पैकी मार्क, असंही सांगितलं. घसा सुकला बोलून.

दादा ऐकत होता. भांडत नव्हता, तेच वाईट. शेवटी म्हणाला, "आपल्या लोकांनी पन लपून ठेवला, म्हंजी समद्यांचाच देव ठरला की तो. तू म्हनलीस ते बराबर व्हतं. हाडूक कुटं हाय?"

"दादा, हाडं जंगलात टिकतातच असं नाही. मातीत जिरतात, साळिंदर खातं."

"तवा न्हाई म्हनलीस हे."

"चुकलं माझं."

"न्हाई गं. तुजं कदी चुकत न्हाई." रागाने म्हणाला असता तर बरं झालं असतं. खरंच कौतुकाने म्हणाला. लहानपणापासून म्हणतो तसंच.

माझे मुद्दे आता त्याच्या तोंडात, आणि माझ्यापेक्षा पक्के. नकाशा तिथेच ठेवून आले.


२९ डिसें., रवि.

गेले नाही. कोणत्या तोंडाने जाऊ. लो. मध्ये वर्षअखेरीची गर्दी, गाड्याच गाड्या, रस्ता ओलांडता येईना. अळण्याने तरी कुठून ओलांडावा.

दादाला फोन केला. "बरा हाय" म्हणाला. मग दोघंही गप्प. आम्हाला बोलायला दुसरा विषयच कधी लागला नव्हता.


५ जाने., रवि. ति. पेठ

ठरवून आले, राहायला. वहिनीला म्हटलं, चूल दे मला. तांदळाचं पीठ, उकड काढली, थापली. दोनदा चिरली, तिसरी जमली. वहिनी बघत होती. दादा अंगणात सूप घेऊन तांदूळ निवडत बसलेला. भाकरी फडक्यात बांधून त्याच्यासमोरून गेले. त्याने मान वर केली, परत खाली घातली.

वर एकटी गेले. चढाला आज "काय सुंदर दिसतंय" म्हणायला कुणी नव्हतं, मुकाट्याने दम खाल्ला. दगडावर मागल्या पावसाळ्याचं शेवाळ वाळून बसलंय. पदराने पुसलं, फडकं पसरलं. भाकरी ठेवली. आप्पा आठवले, म्हटलं आप्पा, मी काही मागत नाहीये. मग लक्षात आलं, मागत होतेच. दादा परत भांडायला लागू दे, एवढं.

मागे न बघता यायचं असतं. मी तीनदा बघितलं.


६ जाने., सोम.

सकाळी चहाही न घेता वर गेले. भाकरी नाही. तुकडा नाही, चुरा नाही, फडकं तसंच पसरलेलं. या वयात मी उतारावर पळाले, एकदा घसरून बसले, हात खरचटला.

दादा अंगणातच. कालचंच सूप. धापा टाकत म्हटलं, "दादा, नेली! अख्खी नेली!"

"कुत्रं असंल."

"कुत्र्याने चुरा केला असता."

"मग वानर."

"वानर तिथेच बसून खातं रे. साली टाकतं, घाण करतं. काही नाही तिथं."

"वाऱ्यानं पडली असंल जाळीत." माझ्यापेक्षा कडक परीक्षक. मी पायरीवर बसले, खरचटलेल्या हाताला फुंकर घालत. वहिनीने हळद आणून लावली. आता रडू येईल असं वाटलं, पण आवरलं. मनात म्हटलं, संपलं हे, दुपारच्या जीपने परत जावं. कोंबडा पायात घोटाळत होता, दादा त्याला दाणे टाकत होता.

बऱ्याच वेळाने, सुपातून डोळे न काढता, तो म्हणाला, "उकडीला मीठ घातलं व्हतंस?"

आठवायला लागलं नाही. हात सवयीने जातो तसा गेला होता. चिमूटभर. "घातलं."

"मग कुत्रंच." एक खडा वेचून अंगणाबाहेर भिरकावला. "तो मिठाला तोंड लावत न्हाई."

दुपारची जीप सोडली. वहिनीला म्हटलं, पीठ काढून ठेव. उद्या अळणी.